सोयाबीननंतरचा हरभरा: पेरणीची तारीख आणि पाण्याचा हिशेब

हरभऱ्याला किती पाणी द्यायचे, हा प्रश्न बहुतेक वेळा डिसेंबरात पडतो. तोवर त्याचे निम्मे उत्तर पेरणीच्या तारखेने देऊन टाकलेले असते. मराठवाडा आणि विदर्भातल्या काळ्या रानात, सोयाबीन काढून त्याच जागी पेरलेला हरभरा डोळ्यांपुढे ठेवून इथे तारीख आणि पाणी यांचा एकत्र विचार केला आहे.

हरभऱ्याच्या पिकाला पेरणीपासून काढणीपर्यंत साधारण २५० ते ३०० मि.मी. पाणी लागते. सप्टेंबरचा पाऊस मनासारखा झाला असेल तर मीटरभर खोलीची भारी काळी जमीन त्यातले १५० ते २०० मि.मी. स्वतःच्या पोटात धरून असते. म्हणजे वरून द्यायचे ते फक्त उरलेले शंभराच्या आसपास. पण हाताच्या खोलीवर मुरूम लागत असेल तर तीच जमीन जेमतेम ५० ते ७० मि.मी. ओल धरते. तिथे शेजाऱ्याच्या भारी रानाचे वेळापत्रक चालत नाही. म्हणून सोयाबीन निघाल्यावर पहिले काम ओल किती खोल आहे ते पाहण्याचे. करंगळीएवढ्या जाडीची लोखंडी सळई घ्या, वरून मूठ वाकवा आणि शेतात आठ-दहा ठिकाणी हाताच्या जोराने दाबा. ओली माती सळई आत घेते, कोरड्या थराला ती अडते. दीड-दोन फुटांपर्यंत सरसर गेली तर एका पाण्यावर पीक निघण्याची आशा आहे. फूटभरातच अडली तर पेरणीआधी रान ओलवून घ्यावे लागेल.

तारीख

शिफारस अशी आहे: कोरडवाहू हरभरा २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, बागायती हरभरा २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर. कोरडवाहूची तारीख अलीकडे आहे ती ओलीसाठी. ऑक्टोबरच्या उन्हात वरचा थर झपाट्याने सुकतो, आठवडाभर थांबलात की बियाण्याखालची ओल गेली. बागायतीची तारीख पुढे आहे ती उष्णतेसाठी. ओलीची काळजी नसल्यावर गरम मातीत बी टाकण्यात अर्थ नाही. मातीत उष्णता आणि ओल एकत्र आली की बुरशीचे फावते, आणि उगवलेली रोपे महिन्याच्या आत एकेक करून माना टाकतात.

देशी वाणाला फुले यायला साधारण ४० ते ४५ दिवस लागतात आणि पीक १०५ ते ११० दिवसांत निघते. त्यावरून तीन तारखा तपासू.

५ ऑक्टोबरला पेरलेल्या पिकाला नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फूल लागते आणि जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात ते काढणीला येते. घाटे (हरभऱ्याच्या शेंगा) भरताना थंडी असते, पाणी कमी लागते. धोका सुरुवातीला असतो, रोपावस्थेतल्या मरीचा, म्हणजे बुरशीने रोपे वाळण्याचा.

२८ ऑक्टोबरच्या पेरणीला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फूल येते, जानेवारीभर घाटे भरतात आणि फेब्रुवारीच्या मध्यावर काढणी होते. पाण्याची सोय असलेल्याने ही तारीख धरावी. फांद्या फुटायला थंडी मिळते आणि उन्हाचा तडाखा बसण्याआधी दाणा टणक होतो. थंडीची लाट फुलोऱ्यात आली तर मात्र काही फुले गळतात. सरासरी तापमान १५ अंशांखाली गेले की फुलातून घाटा धरत नाही. त्यावर पाणी हा इलाज नाही. थंडी ओसरली की झाड पुन्हा फुलते, थांबायचे.

२५ नोव्हेंबरची पेरणी वेगळ्याच गणितात जाते. फूल जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, घाटे फेब्रुवारीत. फेब्रुवारीच्या शेवटी दुपारचे तापमान ३४-३५ अंशांवर गेले की झाड आवरते घेते, पाने पिवळी करते आणि अर्धवट भरलेला दाणा तसाच पक्व होतो. पीक कमी दिवसांत निघते, झाड ठेंगणे, फांद्या कमी, दाणा बारीक. पाण्याच्या बाजूनेही तोटाच आहे. डिसेंबरात दिवसाला ३ ते ४ मि.मी. बाष्पीभवन होते, फेब्रुवारीअखेर ते ५ ते ६ मि.मी.वर जाते. लवकरच्या पिकाला दाणे भरताना जे पाणी वीस दिवस पुरते, ते उशिराच्या पिकाला बारा-तेरा दिवसांत संपते. त्यामुळे उशिरा पेरून जास्त पाणी देऊ हा विचार फसतो. उन्हाने तोडलेले दिवस पाण्याने परत मिळत नाहीत. डिसेंबर उजाडल्यावर हरभरा पेरण्यापेक्षा दुसरे पीक पाहिलेले बरे.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातून निसटते: हरभऱ्याची तारीख जूनमध्ये, सोयाबीनचे वाण घेतानाच ठरते. २५ जूनला पेरलेले जेएस ९३-०५ हे ९० ते ९५ दिवसांचे वाण सप्टेंबरअखेर मोकळे होते. त्याच दिवशी पेरलेले फुले संगम १०५ ते ११० दिवस घेते, म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, आणि काढणी-मळणीत पुढचे आठ दिवस. विहिरीला पाणी नसेल तर लवकर निघणाऱ्या सोयाबीनशिवाय कोरडवाहू हरभऱ्याची वेळ साधत नाही. पाणी असेल तर फुले संगम घ्यायला हरकत नाही.

पेरणी करताना

कोरडवाहूत सोयाबीननंतर नांगर घालू नका. उलटलेली माती दोन दिवसांत वाळते. वखराची एक पाळी, तीही सकाळी, आणि मागोमाग पेरणी. बी ८ ते १० सें.मी. खोल, ओलीत पडले पाहिजे. बागायतीत ५ सें.मी. पुरे. ओळींत ३० सें.मी. आणि दोन झाडांत १० सें.मी. अंतर ठेवा.

बियाणे दाण्याच्या आकारावर ठरते. विजयसारख्या लहान दाण्याच्या वाणाला एकरी २६ ते २८ किलो, जाकी-९२१८ ला ३० ते ३५ किलो, दिग्विजय, विशाल, विराट यांना ४० किलो, कृपासारख्या जंबो काबुलीला ५० किलोच्या वर. नोव्हेंबरच्या मध्यानंतर पेरत असाल तर विजय किंवा दिग्विजय घ्या, बियाणे पाचव्या हिश्शाने वाढवा आणि ओळी २२ सें.मी.वर आणा. उशिराचे झाड पसरत नाही, जागा मोकळी राहिली तर तिथून नुसती ओल उडते.

बीजप्रक्रिया आधी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी) ५ ग्रॅम प्रतिकिलो. त्यानंतर लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ विरघळवून त्यात रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी धरणारे जिवाणू) कालवा आणि १० किलो बियाण्यामागे २५० ग्रॅम या हिशेबाने हलक्या हाताने चोळा. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. एकरी ५० किलो डीएपी आणि २० किलो पोटॅश पेरतानाच बियाण्याच्या खाली जाईल असे द्या. पुढे युरिया फेकू नका. त्याने मुळांवरच्या नत्राच्या गाठी आळसावतात आणि पाला माजतो.

ओल कमी असेल तर आधी रान ओलवा, वापसा येऊ द्या, म्हणजे जादा पाणी मुरून माती मोकळी होऊ द्या, आणि मग पेरा. कोरड्यात पेरून लगेच मोकाट पाणी सोडले की काळ्या मातीवर पापडी धरते, बी कुजते आणि उगवण ठिगळा-ठिगळांची होते. तुषार संच असेल तर पेरणीनंतर दीड-दोन तास फिरवून उगवण साधता येते. त्यापुढे चालवू नका.

पाणी केव्हा

पाण्याच्या पाळ्या दिवसांवर सांगितल्या जातात, कारण सांगायला सोपे पडते. झाड मात्र अवस्थेवर चालते. वाण, तारीख आणि थंडी बदलली की तेच ४५ दिवस कधी कळीचे असतात, कधी ऐन फुलोऱ्याचे. म्हणून दिवस जवळ आले की रानात उतरून झाड बघा.

एकच पाणी हाताशी असेल तर ते कळी दिसताच, पहिली फुले उमलण्याआधी द्या. साधारण ४० ते ४५ दिवस. फांद्या फुटून झालेल्या असतात, मुळे खाली गेलेली असतात, आणि पुढचे फूल-घाट्यांचे दिवस त्या पाण्यावर निघतात. हलक्या रानात झाड ३०-३२ दिवसांतच थबकले, दुपारी पाने मिटून काळपट-निळसर दिसू लागली, तर कळीची वाट न पाहता तेव्हाच द्या.

दोन पाणी असतील आणि जमीन भारी असेल तर पहिले ३० ते ३५ दिवसांनी, दुसरे घाटे भरताना, ६५ ते ७० दिवसांनी. मध्यम जमिनीला तीन लागतात: २० ते २५, ४५ ते ५० आणि ६५ ते ७० दिवसांनी. भारी जमिनीत तिसरे पाणी द्यायची घाई करू नका. पाणी आहे म्हणून दिलेल्या त्या पाण्याने झाड घाटे भरायचे सोडून पुन्हा शेंडा धरते, काढणी आठ-दहा दिवस लांबते आणि पीक नेमके उन्हात सापडते. हरभऱ्याची वाढ आपणहून थांबत नाही, ओल आटल्यावर ती थांबते. शेवटी थोडा ताण बसला पाहिजे.

ऐन फुलोऱ्यात पाणी टाळा, तुषारने तर नकोच. फुले गळतात, आणि हरभऱ्याच्या अंगावरची आंबही धुऊन जाते. पहाटे रानातून गेले की धोतराला लागते तीच ही आंबट आंब.

काळ्या जमिनीत भेगा पडेपर्यंत थांबणे महागात पडते. भेग उघडताना बारीक मुळ्या तुटतात, आणि नंतर सोडलेले पाणी भेगेतून खाली उतरून जाते, रान भिजायला दुप्पट वेळ लागतो. बोटाएवढी भेग दिसण्याआधीच पाणी फिरले पाहिजे. २० ते २५ दिवसांनी एक आणि त्यानंतर पंधरवड्याने दुसरी कोळपणी केली तर भेगाही बुजतात आणि ओलही धरून राहते.

ओल हाताने तपासायची तर १५ आणि ३० सें.मी. खोलीवरची माती काढून मुठीत दाबा. गोळा होऊन बोटांचे ठसे उमटत असतील तर थांबा. गोळा होतो पण कमरेएवढ्या उंचीवरून पडताच फुटतो, तेव्हा पाण्याची वेळ झाली. गोळाच होत नसेल तर उशीर झालेला आहे.

कालव्यावर असाल तर पाळी तुमच्या हातात नसते, पेरणीची तारीख असते. मागच्या वर्षांची आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सुटण्याच्या वेळा, आठवा. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी सुटत असेल तर पेरणी अशी बसवा की तेव्हा पीक ३५ ते ४५ दिवसांचे असेल, म्हणजे ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. त्याच आवर्तनात दहा दिवस आधी पेरलेल्या शेजाऱ्याचे पीक फुलोऱ्यात असणार, आणि पाणी घ्यावे की सोडावे या पेचात तो पडणार.

पाणी किती, आणि मोजायचे कसे

"चार तास चालवले" हे माप नव्हे. एका एकरात एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. ५० मि.मी. म्हणजे दोन लाख लिटर. पंप तासाला ३०,००० लिटर फेकत असेल तर पावणेसात तास लागतील. पंपाचा प्रवाह माहीत नसेल तर २०० लिटरचा ड्रम भरायला किती सेकंद लागतात ते बघा. २४ सेकंद लागले तर ताशी ३०,००० लिटर.

तुषारचे गणित सोपे आहे. तोटीचा ताशी प्रवाह लिटरमध्ये घ्या आणि एका तोटीच्या वाट्याच्या चौरस मीटरने भागा. १२ बाय १२ मीटरवर तोट्या असतील तर १४४ चौरस मीटर. तोटी तासाला १,६०० लिटर देत असेल तर तासाला ११ मि.मी. मध्यम जमिनीत ४० ते ४५ मि.मी. हवे, म्हणून चार तास. भारी जमिनीत ५० ते ५५ मि.मी., पाच तासांच्या आसपास. पहिल्या दिवशी दोन तोट्यांच्या मध्ये सरळ कडांचे पाच-सहा डबे ठेवून तासाभराने पट्टीने पाणी मोजा. एका डब्यात १२ आणि दुसऱ्यात ६ मि.मी. भरले तर दाब कमी आहे किंवा वारा आहे. दाब कमी असला की थेंब जाड पडतात आणि तोटीभोवती कडे करून पाणी साचते. एकाच वेळी चालणाऱ्या तोट्या कमी करा. वारा दुपारी सुटतो, पहाटे किंवा संध्याकाळी चालवा. फक्त रात्रीची लाइट असेल तरी तास मोजूनच बंद करा. दार धरून (पाणी वळवायला) बसणाऱ्याचा डोळा लागल्यावर पाणी कुठे गेले ते सकाळी खालच्या बांधाला समजते.

कपाशीचे ठिबक हरभऱ्याला वापरता येते. नळ्या १.२ मीटरवर, तोट्या ४० सें.मी.वर आणि तोटी ताशी ४ लिटरची असेल तर तासाला सुमारे ८ मि.मी. पडते. दोन नळ्यांमध्ये चार ओळी बसतात. भारी रानात ओल आडवी सरकते म्हणून मधल्या ओळींनाही पोचते. मध्यम-हलक्या रानात पाणी सरळ खाली उतरते, मधल्या दोन ओळी उपाशी राहतात.

मोकाट पाणी द्यायचेच असेल तर सारे (बांध घालून केलेले लांब पट्टे) चार मीटरहून रुंद नकोत. पाणी पाऊण लांबी गाठताच दार मोडा, म्हणजे पाणी पुढच्या साऱ्यात वळवा, उरलेला भाग वाहत्या पाण्यावर भिजतो. एका वेळी ७ ते ८ सें.मी. पुरे. रुंद वरंबा-सरी यंत्राने पेरले असेल तर सरीतून कमी पाण्यात काम होते आणि अवकाळी पाऊस आला तर तीच सरी निचऱ्याला उपयोगी पडते.

पाण्याचा फायदा कसा तपासायचा, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा बिनपाण्याच्या पट्टीत एकरी ४ क्विंटल झाले, एका पाण्यावर ६, दोन पाण्यांवर ७.५ आणि तीन पाण्यांवर ७.७. प्रत्येक पाणी ५० मि.मी.चे, म्हणजे दोन लाख लिटरचे. पहिल्या दोन लाखांनी २०० किलो दिले, दुसऱ्याने १५० किलो, तिसऱ्याने २० किलो. विहिरीत तिसऱ्या पाण्याएवढे पाणी उरले असेल तर ते शेजारच्या पट्टीचे पहिले पाणी झाले पाहिजे. पाणी अपुरे असलेल्या शेतात दोन एकरांना एकेक पाणी हे एका एकराला दोन पाण्यांहून बहुतेक वेळा सरस ठरते. आपल्या रानाचे खरे आकडे हवेत तर एका कोपऱ्यातल्या चार ओळी बिनपाण्याच्या ठेवा आणि वेगळ्या मळून वजन करा.

बिघडते कुठे

पाणी दिल्यावर चार-पाच दिवसांत पीक पिवळे पडले तर युरियाच्या पोत्याकडे धावू नका. झाड मुळासकट हलकेच उकरून काढा, मुळावरची गाठ नखाने चिरा. आत गुलाबी असेल तर नत्र ठीक आहे. हिरवट, तपकिरी किंवा पिलपिलीत असेल तर साचलेल्या पाण्याने गाठी गुदमरल्या आहेत. कोपऱ्यातून चर काढा, वापसा येताच कोळपा, पुढचे पाणी लांबवा. फक्त शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, जमीन चुनखडीची असेल, तर तो लोहाचा अभाव. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट, थोड्या चुन्याच्या निवळीसह फवारा.

मरीचे प्रकार तीन आहेत आणि पाण्याशी प्रत्येकाचे नाते वेगळे आहे. वाळते झाड उपटून बुडख्यापाशी उभे चिरा. आत काळपट तपकिरी रेघ दिसली तर मर (उबळ); ती जमिनीतून आणि बियाण्यातून येते, लवकरच्या गरम पेरणीत वाढते. त्यावर प्रतिकारक्षम वाण आणि पीक फेरपालट हाच उपाय, पाणी दिल्याने ती थांबत नाही. झाड उपटताना मूळ कट्कन तुटले, बारीक मुळ्या उरल्याच नाहीत, तर कोरडी मूळकुज. ती उशिराच्या पिकाला ताण आणि ऊन एकत्र बसल्यावर येते. घाटे भरतानाचे पाणी तिथे वेळेत हवे. बुडख्यावर पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे दाणे दिसले तर मानकुज. पेरणीनंतरच्या जास्त ओलीने आणि न कुजलेल्या काडीकचऱ्याने ती येते.

पीक गुडघ्यावर गेले, दाट झाले आणि कळी नाही, तर पाणी थांबवा. ३० ते ३५ दिवसांच्या आत असाल तर शेंडे खुडा. भाजीही होते आणि बाजूच्या फांद्याही फुटतात. दाट, ओलसर पिकात घाटेअळी लपायला जागा मिळते. ओळीच्या मीटरभरात एक-दोन अळ्या दिसल्या की ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. अळ्या मोठ्या होण्याची वाट पाहिली तर त्यावर काही लागू पडत नाही. एकरी दोन कामगंध सापळे आणि पक्ष्यांना बसायला काठ्या फुलोऱ्याआधीच लावा.

उशिराच्या पिकाला हात देता येतो तो एवढाच: पहिले पाणी २५ ते ३० दिवसांनी, दुसरे घाटे दिसताच ५५ दिवसांच्या आसपास. फुलोऱ्यात १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया आणि घाटे भरताना १०० ग्रॅम १३-०-४५ (पाण्यात विरघळणारे पोटॅशियम नायट्रेट खत) यांची एकेक फवारणी, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर.

डिसेंबर-जानेवारीत पाऊस झाला तर तोही हिशेबात धरा. २० मि.मी.हून जास्त झाला तर ठरलेली पाळी आठवडाभर पुढे ढकला. खालची पाने पिवळी पडून गळू लागली आणि घाटा हलवल्यावर दाणा आत वाजायला लागला की पाणी कायमचे बंद. त्यानंतर आठ-दहा दिवसांत, सकाळच्या दवात काढणी उरका. दुपारच्या उन्हात घाटे फुटून दाणा रानातच सांडतो.